वाक्प्रचार क्रमांक ११७, नग एक

सत्तावीस वर्षं मी भांडारपाल आहे. म्हणजे कार्यालयाच्या तळघरात बसतो आणि लोकांना वस्तू देत नाही. भांडारपालाचं काम वस्तू देण्याचं असतं हा बाहेरच्यांचा गैरसमज आहे. देणं काय, कोणीही देईल. समोर टाचण्यांचे चाळीस डबे रचलेले असताना, मागायला आलेल्या माणसाच्या डोळ्याला डोळा भिडवून "शिल्लक नाही" म्हणायला अनुभव लागतो.

माझं तत्त्व साधं आहे. नोंदवहीत आहे ती वस्तू आहे. नोंदवहीत नाही ती वस्तू टेबलावर ठेवलेली दिसली तरी नाही. ह्या तत्त्वापायी मागच्या अधीक्षकांचे निवृत्तीचे कागद मी चार महिने अडकवून ठेवले होते, एका पेपरवेटसाठी. बिचारे नवा आणून देतो म्हणाले. मी म्हटलं, नवा नको, तोच हवा. ते रडवेले झाले तेव्हा मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता. हे आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे माझी कीव करायची की नाही ते तुम्हाला ठरवता येईल.

तर, वरिष्ठ कार्यालयाला एके दिवशी साक्षात्कार झाला की आमचं इंग्रजी कच्चं आहे. आम्हाला हे पहिल्यापासून माहीत होतं, पण आम्हाला विचारतो कोण? इलाज म्हणून त्यांनी एक खोकं पाठवलं. त्यात तीनशे कार्डं. प्रत्येक कार्डावर एका बाजूला इंग्रजी वाक्प्रचार आणि मागे त्याचा अर्थ. शेवटची तीन कार्डं व्याकरणाची होती: अ, अ‍ॅन आणि द. कार्यालयात माणसं एक्केचाळीस, खोकं एक. साहेबांनी खोक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "वाटून टाका."

आता 'वाटून टाका' हे शब्द भांडारपालाला उद्देशून वापरायचे नसतात. मी नवी नोंदवही आखली. अनुक्रमांक, वाक्प्रचार, कोणास दिला, दिनांक, सही, परत आल्याचा दिनांक, शेरा. माणशी सात कार्डं वाटली. तेरा उरली, ती पदाच्या मानाने साहेबांना दिली. शेवटची तीनही त्यातच गेली, त्यामुळे 'द' साहेबांच्या केबिनमध्ये कुलूपबंद झाला आणि बाकी कार्यालय 'द'वाचून इंग्रजी बोलू लागलं. कोणाला काही फरक जाणवला नाही.

इथवर सगळं माझ्या मनासारखं चाललं होतं. पण दोनच दिवसांत भांडण पेटलं. लेखापालाच्या नावावरचा वाक्प्रचार रेकॉर्डवाल्याने भर व्हरांड्यात वापरला. लेखापाल खाली आला. "माझ्या सहीने घेतलेली वस्तू दुसरा वापरतोच कसा?" मुद्दा बिनतोड होता. मी तो वर पाठवला आणि साहेबांनी परिपत्रक काढलं. ज्याच्या नावावर कार्ड, त्यानेच तो वाक्प्रचार वापरायचा. दुसऱ्याला हवा असेल तर हस्तांतरण पावती करायची. वापर झाला की नोंदवहीत नोंद करायची. आणि सगळ्यात खाली साहेबांनी स्वतःच्या हाताने एक कलम जोडलं, कारण परिपत्रकात स्वतःचं एखादं कलम असल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही: 'ज्यास उद्देशून वाक्प्रचार वापरला, त्याने अर्थानुसार तात्काळ कृती करून नोंदवहीत सही करावी.'

ह्या कलमाने पुढे काय केलं ते सांगतो, पण त्याआधी शिपाईकाकांचं सांगायलाच हवं. त्यांच्या वाट्याला 'अंडर द वेदर' आलं होतं. म्हणजे बरं वाटत नाही. इंग्रजी सुधारायचं म्हणून आजारपणाच्या रजेच्या अर्जातही तो वाक्प्रचार सक्तीचा झाला. काका साठीला टेकलेले, पण तब्येत अशी की चौतीस वर्षांत एकदा शिंकले असतील. आता कोणालाही ताप आला की त्याने आधी काकांकडे जाऊन पावती करून घ्यायची. काका जीभ बघायचे, कपाळाला हात लावायचे आणि म्हणायचे, "तेवढं काही नाहीये. या कामाला." जन्मभर ज्यांनी त्यांना 'अरे' म्हणून हाक मारली, ते सगळे त्यांना स्टूल पुसून द्यायला लागले.

लेखापालाकडे 'ऑन क्लाउड नाइन' होतं. आनंदाने अगदी ढगात असणं. तीन महिन्यांत वापर शून्य. त्यामुळे त्याला ज्ञापन गेलं: 'आपण सदर कालावधीत एकदाही आनंदी झाल्याचे दिसून येत नाही, तरी तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.' लेखापालाने आठ पानी खुलासा दिला. मी तो वाचलाय. त्यात त्याच्या सासुरवाडीवर अडीच पानं आहेत.

आणि मग टंकलेखिका बाई. एकोणीस वर्षं त्या साहेबांच्या केबिनबाहेर बसून टंकन करतात. साहेबांची एक खोड आहे. दिवसभर त्यांना काही सुचत नाही. सहाला पाच कमी असताना एकदम सुचतं. मग ते कागदांचा गठ्ठा घेऊन बाहेर येतात आणि म्हणतात, "बाई, हे एवढं आजच." ते एवढं म्हणजे आठ वाजेपर्यंतचं असतं. बाईंच्या घरी म्हातारी आई. लेक आल्याशिवाय ती पानावर बसत नाही. बाई रोज साडेआठला घरी पोचायच्या आणि आईची बोलणी खायच्या.

बाईंनी सात कार्डांवर न वाचता सही केली होती. एका संध्याकाळी साहेब गठ्ठा घेऊन आले. बाईंनी खणातून एक कार्ड काढलं, मागची बाजू वाचली, पुढची वाचली आणि उठून उभ्या राहिल्या.

"सर, लेट्स कॉल इट अ डे."

क्रमांक एकशे सतरा. अर्थ: आजचं काम इथेच थांबवू.

साहेब म्हणाले, "काय?" बाईंनी वापराची नोंदवही पुढे केली आणि साहेबांच्याच कलमावर बोट ठेवलं. अर्थानुसार तात्काळ कृती. सगळं कार्यालय श्वास रोखून बघत होतं. साहेबांनी गठ्ठ्याकडे पाहिलं, कलमाखालच्या स्वतःच्या सहीकडे पाहिलं आणि नोंदवहीत सही केली. बाई सहाला घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. पंधरा दिवसांत त्या पाच वर्षांनी लहान दिसायला लागल्या, आणि आई आता एवढ्या लवकर भूक लागत नाही म्हणून कुरकुर करते, असं हसत हसत सांगायला लागल्या.

आणि नेमकी इथेच माझी बढती आली.

अधीक्षकपद. पहिला मजला. खिडकीजवळचं टेबल. ह्या खिडकीचं महत्त्व तुम्हाला कळायचं नाही. माझ्या तळघराला खिडकी नाही, भिंतींना ओल आहे, आणि सत्तावीस वर्षांची धूळ माझ्या छातीत जमा झालीय, तीही बिननोंदीची. मला खोकला आहे. साधा नाही. डॉक्टरांनी पट्टीने टेबलावर ठोकून सांगितलं होतं, "त्या भुयारातून बाहेर पडा, नाहीतर औषधं लिहायचीच मी बंद करतो." हुकमात लिहिलं होतं की महिनाअखेरपर्यंत पदभार सोडून वर रुजू व्हावं, न झाल्यास यादीतल्या पुढच्या माणसाचा विचार होईल.

बायकोने हुकूम हातात घेतला आणि रडली. मी म्हटलं, "अगं, बढती आहे."

"माहितेय मला," ती म्हणाली. "पहाटे तुम्ही खोकता ना, तेव्हा मी जागीच असते. तुम्हाला वाटतं मी झोपलेय." मग डोळे पुसले आणि तासाभरात पूर्ण इमारतीला सांगून आली. आता मागे फिरायची सोय राहिली नाही.

पदभार घ्यायला आला तो जावक कारकून. त्याला आम्ही पुरावा म्हणतो. 'पाऊस पडतोय' म्हटलं तर हा विचारतो, पुरावा काय? भांडाराचं काम मीच त्याला शिकवलं, त्यामुळे तो माझ्यापेक्षा वाईट आहे. त्याने टाचण्या मोजल्या. खरंच मोजल्या, डब्यात हात घालून. गोंदाच्या बाटल्या उजेडात धरून पाहिल्या. आणि मग म्हणाला, "भाऊ, वाक्प्रचार."

सगळी कार्डं परत मागवणं आलं. लोक कुरकुरत आले. काकांनी 'अंडर द वेदर' देताना डोळ्यांत पाणी आणलं. लेखापालाने मात्र 'क्लाउड नाइन' आनंदाने परत केलं, आणि ह्या एकमेव आनंदाची नोंद करायला तेव्हा कार्ड त्याच्याकडे नव्हतं. दोनशे नव्याण्णव आली. एकशे सतरा आलं नाही.

त्यातच साहेबांनी मला बोलावून दार लावायला सांगितलं. "एकशे सतरा परत आलं की पुन्हा कोणालाही द्यायचं नाही. कपाटात कुलूपबंद. मी लेखी आदेश देतो." त्यांनी दिलासुद्धा. सहाला पाच कमी असताना.

एका कार्डापायी बढती अडल्याची बातमी घरी पोचली आणि सल्ल्यांना ऊत आला. समोरचे निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, "मुळात 'कॉल' हे क्रियापद इथे कोणत्या अर्थी आलंय ते आधी पाहिलं पाहिजे." ते त्यांनी पाऊण तास पाहिलं. दिवसाला हाक का मारायची, आणि मारली तर तो थांबेल कसा, ह्यावरून त्यांनी इंग्रजांना चांगलंच धारेवर धरलं. माझा चहा गार झाला. वरच्या मजल्यावरचा विमावाला म्हणाला, "वर्तमानपत्रात जाहिरात द्या. हरवला आहे: एक वाक्प्रचार, मध्यम वापरलेला."

कोपऱ्यावर माझ्या मेहुण्याचा छापखाना आहे. तो पानाचा डाग पुसत म्हणाला, "भावोजी, त्यात काय एवढं? मी छापून देतो की."

"नकली?" मी म्हटलं. "माझ्या भांडारात? सत्तावीस वर्षांत..." आणि खोकला आल्यामुळे ते वाक्य तिथेच राहिलं. बायकोने पाण्याचा पेला पुढे केला आणि माझ्याकडे अशी पाहत राहिली की मी उठून आत गेलो.

महिन्याच्या तीस तारखेला दुपारी मी बाईंसमोर उभा राहिलो.

"बाई, एकशे सतरा."

"हरवलं."

"कुठे?"

"ते ठाऊक असतं तर हरवलं कशाला म्हटलं असतं, भाऊ?"

त्यांच्या उघड्या पर्समध्ये, आईच्या फोटोच्या मागे, कार्डाचा कोपरा दिसत होता. मी त्या कोपऱ्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"बरं, नाही हरवलं," त्या म्हणाल्या. "पण देणार नाही. एकोणीस वर्षं ह्या खुर्चीत बसून मी हजारो पत्रं टाइप केली. आय बेग टु स्टेट, आय हॅव द ऑनर टु सबमिट. कोण बेग करतंय, कसला ऑनर, मला कधी कळलं नाही. त्यातलं एक वाक्य माझं नव्हतं. हे एक माझं आहे. मी बोलले आणि समोरच्याने ऐकलं, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. ते मी कपाटात बंद करायला देऊ?"

मला काहीतरी नियमाला धरून बोलायचं होतं. त्याऐवजी खोकला आला. चांगला मिनिटभर.  मग बाईंनी पर्समधून कार्ड काढलं आणि माझ्यापुढे धरलं.

"तुमचा खोकला मला रोज वर ऐकू येतो," त्या म्हणाल्या. "घ्या. जा तुम्ही खिडकीत."

सत्तावीस वर्षांत कितीतरी लोकांना मी वस्तू दिली नाही. पण समोर आलेली वस्तू घेतली नाही, असं त्या दिवशी पहिल्यांदा घडलं. हात पुढे गेलाच नाही. स्वतःचाच इतका राग आला की काय सांगू! "राहू द्या," मी म्हटलं. "हरवलंय ना? मग हरवलेली वस्तू दाखवायची नसते." आणि तरातरा जिना उतरलो.

संध्याकाळी मेहुण्याकडे गेलो. मान खाली घालून एकशे सोळा क्रमांकाचं कार्ड नमुन्याला दिलं, एकशे सतराचा मजकूर पाठ होता तो सांगितला. "एक नग," मी म्हटलं.

"एक?" मेहुणा हसला. "भावोजी, यंत्र लावायचं म्हणजे कमीत कमी शंभर. पत्रिका असो की वाक्प्रचार."

अशा रीतीने, ज्या माणसाने एका पेपरवेटसाठी चार महिने माणूस रडवला, तो एकतीस तारखेला दुपारी पिशवीत शंभर बनावट वाक्प्रचार घेऊन स्वतःच्या भांडारात शिरला.  मी एक कार्ड खोक्यात घातलं. नव्याण्णव पिशवीत राहिली.

पुरावा मोजायला बसला. एक, दोन, तीन. मी भिंतीवरची ओल बघत होतो. एकशे सोळापर्यंत त्याचा हात भराभर चालला. मग थांबला. त्याने कार्ड उजेडात धरलं. उलटं केलं. नाकाला लावलं. अंगठ्याने घासलं आणि अंगठा मला दाखवला. काळा झाला होता.

"भाऊ," तो म्हणाला, "शाई ओली आहे."

संपलं, म्हटलं. गेली खिडकी. बायकोला काय सांगायचं ते मी मनात जुळवायला लागलो. माझ्यापुढे मागच्या अधीक्षकांचा तो रडवेला चेहरा उभा राहिला आणि मला वाटलं, ते आत्ता इथे असते तर पेढे वाटले असते.

 पुराव्याने ते कार्ड पंख्यासमोर धरलं.

"बाईंची पत्रं टाइप झाल्याशिवाय जावक बंद होत नाही," तो पंख्याकडे बघत म्हणाला. "बाई आठला निघाल्या की मी सव्वाआठला. बाई सहाला निघाल्या की मी सहाला. माझ्या मुलीला गेला महिना-दीड महिना मी अभ्यासाला घेऊन बसतोय. परवा मला म्हणाली, बाबा, तुम्ही रिटायर झालात का?" कार्ड वाळलं. त्याने ते खोक्यात ठेवलं. "एकशे सतरा. एकशे अठरा. एकशे एकोणीस."

तीनशे झाल्यावर त्याने सही केली. सही वाळण्याआधीच विचारलं, "अजून आहेत का?"

मी पिशवी उघडली.

त्याने एक उचललं, खिशात घातलं आणि सवयीने पेन काढलं. "सही कुठे करू?"

मी त्याच्या पेनाला टोपण घातलं.  "सही नको," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी खिडकीजवळ बसलो. येताजाता प्रत्येकाच्या हातात एकेक कार्ड ठेवलं. काका दोन मागत होते, दिली. सहाला पाच कमी असताना साहेब गठ्ठा घेऊन बाहेर आले. एकशे सतरा कुलूपबंद झाल्याच्या आनंदात त्यांनी गठ्ठा जरा जाडच आणला होता. बाई उठल्या. लेखापाल उठला. रेकॉर्डवाला उठला. एकोणचाळीस माणसं उठली, मी धरून चाळीस, आणि कधी नव्हे ते सगळं कार्यालय एका सुरात इंग्रजी बोललं.

साहेब ओरडले, "ही कार्डं कुठून आली?"

मी नम्रपणे म्हटलं, "साहेब, भांडार आता माझ्याकडे नाही."

पुराव्याने नोंदवही उघडली. "एकशे सतरा, नग एक. आपल्या आदेशानुसार कपाटात कुलूपबंद आहे, साहेब. दुसरं नोंदीत नाही. म्हणजे नाहीच."

"अहो, ह्यांच्या हातात दिसतंय मला!"

"पुरावा काय?" पुरावा म्हणाला.

सहाच्या ठोक्याला साहेबांनी एकामागून एक चाळीस सह्या केल्या.

तेव्हापासून मी सहाला घरी असतो. खोकला निम्म्यावर आलाय. पहाटे बायको घोरते, आणि तिचं घोरणं मी मोठ्या समाधानाने ऐकत पडतो. आता सांगायचं ते एवढंच, की गेल्या गुरुवारी सहाला पाच कमी असताना साहेबांच्या केबिनमधला फोन वाजला. वरिष्ठ कार्यालयाचा होता. अमुक माहिती, तमुक तक्ता, आजच. काचेतून दिसत होतं. साहेब 'यस सर, यस सर' करत घाम पुसत होते. मग त्यांनी फोनवर हात ठेवला, दार किलकिलं केलं आणि माझ्या टेबलापाशी येऊन हळूच म्हणाले, "अहो, ते... एखादं शिल्लक आहे का?"

खणात अठ्ठावन्न होती. मी साहेबांच्या डोळ्याला डोळा भिडवला. "शिल्लक नाही" अगदी ओठांवर आलं होतं. पण आता मी अधीक्षक आहे, आणि माणसाने थोडं मोठं मन ठेवावं.

कार्ड दिलं मी. फक्त साहेबांकडून सही घेतली.